मुलांच्या घराचा तळखडा

जूनच्या मध्यावर रायगडातल्या कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर दर वर्षी एक गर्दी होते, आणि पर्यटकांशी तिचा काही संबंध नसतो. रोह्याकडून, माणगावकडून, पालीकडून येणाऱ्या एसटीतून मुले उतरतात. हातात पत्र्याची पेटी, काखेत गुंडाळलेली गोधडी, मागे आई, आईच्या कडेवर धाकटे भावंड. पाऊस सुरू झालेला असतो, नाही तर तासाभरात गाठणारच असतो. यांतल्या कित्येक मुलांचे आईबाप नुकतेच वीटभट्टीवरून किंवा कोळशाच्या भट्टीवरून वाडीवर परतलेले असतात. घर शाकारायचे, नाचणीचे पाहायचे आणि त्याआधी पोराला शाळेत पोहोचवायचे, अशी ती धावपळ. राज्यातल्या इतर शाळांबरोबर निवासी शाळा आणि आश्रमशाळाही या आठवड्यात उघडल्या. स्वागत झाले, फुले दिली गेली, नवी पुस्तके वाटली गेली. ते सगळे हवेच. पण निवासी शाळेतले मूल दिवसाचे सहा-सात तास वर्गात बसते आणि उरलेले सतरा-अठरा तास दुसऱ्याच एका इमारतीत काढते. तिथे ते झोपते, जेवते, आजारी पडते, भांडते, रात्री घर आठवून रडते. शाळा उघडल्याच्या निमित्ताने आपण वर्गावर बोलतो. आज त्या दुसऱ्या इमारतीवर बोलायचे आहे.

वसतिगृह ही महाराष्ट्राने शिक्षणाला दिलेली फार मोठी गोष्ट आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली. फळ्याइतकेच छप्परही महत्त्वाचे, हे त्या दोघांनी ओळखले होते, कारण खेड्यातल्या गरीब मुलाची शाळा राहण्याच्या जागेपाशीच अडत होती. पुढे राज्याने डोंगराळ भागात आश्रमशाळा काढल्या. रायगडातल्या अशा शाळांचा कारभार पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो.

हे छप्पर म्हणजे काय, ते १९ जुलै २०२३ च्या रात्रीने आपल्याला दाखवले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या वाडीतली काही मुले वाचली, ती त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून. सकाळी त्यांच्यासाठी घर नावाची एकच जागा उरली होती, शाळेतला त्यांचा बिछाना. इतके ओझे ज्या इमारतीने पेलायचे, ती कशी असावी, हे आपण अंदाजपत्रकातल्या चौरस मीटरच्या दरावर सोडून देऊ शकत नाही.

रोहा, सुधागड, माणगाव या पट्ट्यातून जाताना कोणतीही दहा-पंधरा वर्षांची काँक्रीटची इमारत पाहा. सपाट स्लॅब, आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवून चढवलेला उतरता पत्रा. सरकारी कचेरी असो, शाळा असो की कुणाचा बंगला, चित्र तेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छप्पर टिकत नाही. ते गळते, मग त्यावर पत्रा येतो. म्हणजे एका इमारतीला आपण दोन छपरांचे पैसे मोजतो. त्या पत्र्यावर आषाढाची सर कोसळू लागली की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. संध्याकाळी अभ्यासाला बसलेल्या चाळीस मुलांचे काय होत असेल ते ज्याने त्याने मनात आणावे. उन्हाळ्यात तोच पत्रा तापतो. भिंतींना ओल येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, अंगाला खरूज येते. मुलांच्या आजारांचे मूळ पुष्कळदा त्यांच्या खोलीतच असते.

आणि याच मुलखातले जुने घर? त्याची मांडणी एकदा खालून वर वाचत जावी. आधी दगडी जोते, जमिनीपासून हात-दीड हात उंच. जोत्यावर खांबाच्या जागी घडीव दगड, त्याला तळखडा म्हणतात. लाकडी खांब मातीत गाडायचा नाही, तळखड्यावर उभा करायचा, म्हणजे ओल आणि वाळवी त्याच्यापर्यंत सहजी चढत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर माळा, वर आढे, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौले. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचा आकार खणांत सांगायचा. छपराचे सगळे वजन या सांगाड्यावर. भिंतीने फक्त आडोसा करायचा, म्हणून ती कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली असली तरी चालते. चारी बाजूंनी पडवी, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, आणि भर पावसात बसायला, कपडे दांडीवर टाकायला कोरडी जागा मिळते. लोखंडाचा खिळा बेताचाच. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. खांब कुजला तर तेवढाच बदलता येतो. स्लॅबमधली सळई गंजली की काय करायचे, याला मात्र पाडण्यावाचून उत्तर फारसे नसते.

कोलाडसारख्या ठिकाणच्या लहान निवासी शाळेने मुलांची घरे अशी, लाकडी सांगाड्याची बांधावीत, असे आम्हाला वाटते. जुन्या घराची आठवण म्हणून किंवा पर्यटकांच्या रिसॉर्टला शोभा यावी म्हणून जशी बांधतात तशी नव्हेत. नीट हिशेब करून, आजच्या ज्ञानाने, चाळीस-पन्नास मुलांना पंचवीस-पन्नास वर्षे सुखाने राहता येईल अशी. एक मोठी तिमजली इमारत उभारून तिच्यात लांबच लांब खोल्या काढण्यापेक्षा दहा-बारा मुलांचे एक, अशी बैठी किंवा एकमजली चार घरे बांधावीत. प्रत्येकाला पडवी असावी. ज्या वाडीतून मूल आले तिच्याशी या घराचे काही नाते असेल. कातकरी वाडीवरचे घर कारवीचे आणि मातीचेच असते, आणि ते लाजण्यासारखे आहे हे मूल शाळेत आल्यावर शिकते. त्याच कारवीची, त्याच मातीची, पण उंच जोत्याची, कोरडी, उजेडाची खोली त्याला शाळेने दिली, तर त्याच्या मनात काय बदलेल याचा विचार शिक्षणाची चिंता करणाऱ्यांनी करावा.

कातकऱ्यांचा लाकडाशी संबंध आणखी खोल आहे. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. काताचा धंदा हातून गेला आणि ही माणसे दिवाळीनंतर कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. ज्यांच्या हातांनी भाजलेल्या विटांवर शहरे उभी राहिली त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढावी लागतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. या गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत देशभरात ५०० वसतिगृहांची तरतूद आहे, प्रत्येकी पावणेतीन कोटी रुपयांची. पैसा नाही, असे आता म्हणता येत नाही. तो कशात ओतायचा, हे ठरवायचे आहे.

पहिला प्रश्न येईल, आणि तो प्रामाणिक आहे: घरासाठी झाडे तोडायची? याच भावनेतून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती. २०२० मध्ये ती उठवली. मधल्या काळात जगाला एक गोष्ट कळली. झाड वाढताना हवेतला कार्बन लाकडात साठवते आणि ते लाकूड घरात असेपर्यंत तो तिथेच राहतो. सागाचे एक घनमीटर सुके लाकूड साधारण ६५० किलो भरते, त्यातला निम्मा भाग कार्बन. म्हणजे हवेतला जवळजवळ १.२ टन कार्बन डायऑक्साइड त्या एका घनमीटरात बंद झालेला असतो. उलट, जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. जंगल राखायचे तर लाकूड वापरणे थांबवले पाहिजे हे समीकरण अर्धेच खरे आहे. लाकडाला घरात मान मिळाला नाही तर ते जाते कुठे, तर भट्टीत. रायगडात शेताच्या बांधावरचा ऐन आणि किंजळ कोळशासाठी किंवा कारखान्याच्या बॉयलरसाठी टनावर विकला जातो. त्याच ऐनाची तुळई झाली तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील आणि दुसरे झाड लावावेसे वाटेल.

तरीही सगळे सागाचे बांधायला निघालो तर खर्च परवडणार नाही आणि ते करूही नये. साग खांबांना पुरे. तुळयांना ऐन, किंजळ. सामाजिक वनीकरणात कोकणभर लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया वखारींत स्वस्त मिळतो, तो सुकवून आतल्या फळ्यांना आणि खाटांना चालेल. भिंतींना कारवी: ती सात-आठ वर्षांनी फुलते, बी धरते आणि वाळून जाते, त्या वर्षी डोंगरच्या डोंगर तिच्या काठ्यांनी भरलेले असतात. वाशांना आणि रिपांना बांबू. त्यावर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केली तर भुंगा लागत नाही. सिंधुदुर्गात कुडाळची कॉनबॅक ही संस्था आणि मेळघाटातल्या लवाद्याचे संपूर्ण बांबू केंद्र यांनी या कामात कितीतरी हात तयार केले आहेत.

कायद्याची वाटही पूर्वीइतकी काटेरी राहिलेली नाही. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबूला गौण वनोपज ठरवले, त्यावर ग्रामसभेचा हक्क मानला. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि खासगी जमिनीवरचा बांबू तोडण्या-नेण्याची कटकट संपली. सागाचे मात्र तसे नाही. स्वतःच्या बांधावर स्वतः लावलेला साग उतरवायलाही शेतकऱ्याला परवानगी काढावी लागते, मग वाहतुकीचा पास. जंगल वाचवण्यासाठी हे नियम लागतात, पण शाळेच्या घरासाठी गावच्या शेतातून साग घ्यायचा असेल तर वन विभागाने एका खिडकीत, ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा, इतकी सोय करायला नवा कायदाही लागणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, ती वेळेची. सरकारी काम मार्चअखेरीच्या पैशावर चालते. पैसा मार्चमध्ये आला की एप्रिल-मेमध्ये खोदाई, घाईघाईत स्लॅब, आणि जूनच्या आत ताबा. ज्या एप्रिल-मेमध्ये रायगडातल्या वाड्यांवर बायका हंड्यासाठी दोन-दोन तास चालतात, त्याच महिन्यांत स्लॅबला दिवसेंदिवस पाणी मारायचे असते. ते पुरेसे मारले जात नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात छत ठिबकते. लाकडाचा हिशेब उलटा. त्याला आधी वेळ लागतो. पावसाळा सरल्यावर तोडायचे, चिरायचे, सावलीत रचून सुकू द्यायचे, मग सुताराच्या छपराखाली खांब-तुळया घडवून त्यांवर खुणा करून ठेवायच्या. उभारणी शेवटी, आणि ती झटपट. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने ४०४ विद्यार्थ्यांसाठी अठरा मजल्यांचे वसतिगृह बांधले, ब्रॉक कॉमन्स नावाचे, २०१७ मध्ये ते वापरात आले. त्याचा तळमजला आणि गाभा काँक्रीटचा, बाकी सांगाडा मुख्यतः लाकडाचा. कारखान्यात घडवून आणलेला तो सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला. आपल्याला अठरा मजले नकोत, कारखानाही नको. पण जोखमीचे काम पावसापूर्वीच्या थोड्या दिवसांत उरकायचे असते तिथे ही रीत किती सोयीची, हे कोकणातल्या सुताराला कुणी सांगायला नको. मोसमी पावसाशी जुळवून घेतच ती घडली आहे.

आगीची भीती मात्र कुणी हलकी समजू नये. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये आग लागली आणि बांबूची मोठी देखणी इमारत जळून गेली. मुले जिथे झोपतात तिथे असा धोका पत्करता येत नाही. म्हणूनच घरे छोटी, एकमेकांपासून अंतरावर, बैठी किंवा फार तर एक मजल्याची. प्रत्येक खोलीला दोन दारे, दोन्ही बाहेर उघडणारी. स्वयंपाकघर वेगळे, दगडविटांचे. विजेच्या तारा नळीतून. आणि बारीक बांबूपेक्षा भार जाड लाकडावर. जाड ओंडका बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला बराच वेळ राखतो. भट्टी लावणाऱ्या कातकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही, आत न भाजलेला गाभा राहतो हे त्याने पाहिलेले असते. इंजिनिअर हीच गोष्ट मिनिटामिनिटाच्या हिशेबाने मांडतात आणि तेवढी जाडी तुळईला वाढवून देतात.

विंचूसापांचे भयही आहे. महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर जे आयुष्यभराचे काम केले, ते याच जिल्ह्यातली मुले डोळ्यांदेखत दगावताना पाहून. लाकडाची रास, सैल कौले, कुडाची फट या विंचवाच्या आवडत्या जागा. तेव्हा कूड दोन्ही अंगांनी लिंपलेला हवा, छताखाली फळ्यांची तक्तपोशी हवी, आणि मुलांनी जमिनीवर झोपू नये. जोत्यापासून उचललेली लाकडी जमीन आणि तिच्यावर खाट ही चैन नव्हे.

३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ इथे कुणी विसरलेले नाही. पत्रे उडाले, कौलेही उडाली. ज्यांची छपरे राहिली त्यांतल्या अनेकांचे वासे आढ्याशी आणि आढे खांबांशी घट्ट जखडलेले होते. जुन्या पद्धतीत घर स्वतःच्या वजनाने उभे राही, वरून दाबले जाण्याची तिला सवय. खालून उचलले जाण्याचा विचार तिने फारसा केलेला नव्हता. तो आता करावा लागेल. तळखड्यापासून आढ्यापर्यंत लोखंडी पट्टी आणि बोल्ट यांची साखळी हवी. यात परंपरेचा कमीपणा नाही. त्या वादळानंतर कितीतरी दिवस रस्त्यांच्या कडेला आंबा, फणस, साग आडवे पडले होते. ते चिरून, सुकवून ठेवले असते तर जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या खाटा-बाकांची सोय झाली असती. बहुतेक लाकूड सरपणात गेले.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचा. घर मुलांच्या डोळ्यांदेखत आणि जमेल तिथे त्यांच्या हातांनी व्हावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली, तिचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीत विनोबा होते, इथून जवळ पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले. हाताचे काम हेच शिकण्याचे दार, हा त्या कल्पनेचा गाभा. सेवाग्रामच्या कुट्या लाकूड, बांबू, माती आणि कवेलूंच्या आहेत, आणि गांधींच्या मुक्कामाला पंचाऐंशीहून अधिक वर्षे झाली तरी त्या उभ्या आहेत, कारण त्यांची दर वर्षी डागडुजी होते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळेत नापास ठरलेली मुले घुमटाकार घरे बांधायला शिकली, आणि १९९३ च्या भूकंपानंतर ते ज्ञान लातूरकडे कामाला आले. काँक्रीटच्या इमारतीत मुलाला शिकण्यासारखे काही दिसत नाही, सगळे गिलाव्याच्या आत असते. लाकडी घरात खांब काय करतो, तुळई कुठे वाकते, वाशाला उतार किती, हे झोपल्या झोपल्या छताकडे पाहूनही कळते. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण डोक्यावरच असतो. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी खांबांना तेल, कुडाला लिंपण, कौले चाळणे हे काम मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून केले तर देखभालीचा खर्च वाचेल. शिवाय रंधा, पटाशी हातात धरलेला मुलगा किंवा मुलगी भट्टीवर जाण्याखेरीज दुसरे काही करू शकते, हेही वाडीला दिसेल. आज रायगडात घराच्या सांगाड्याची सुतारी जाणणारे अनेक जण साठीच्या पुढचे आहेत. त्यांना महिन्याचा पगार देऊन दोन वर्षे शाळेत बोलवावे. तेही शिक्षकच आहेत.

यासाठी फार मोठी तयारी लागणार नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूवर स्वतंत्र विभाग आहे, तेव्हा कागदावर परवानगी आहे. जिल्ह्याच्या दरसूचीत ऐनाच्या तुळईचा, कारवीच्या लिंपलेल्या कुडाचा, प्रक्रिया केलेल्या बांबूच्या वाशाचा दर घाला, म्हणजे अभियंत्याला अंदाजपत्रक करता येईल. निधी दोन वर्षांत वापरायची मुभा द्या, म्हणजे लाकूड सुकायला वेळ मिळेल. कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठी एका लहान शाळेत पहिले घर होऊ द्या.

या पावसाळ्यात ठरले तर दिवाळीनंतर झाडे निवडून तोडता येतील. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा लाकूड छपराखाली सुकेल. त्यानंतरच्या थंडीत मुलांच्या देखत खांब-तुळया घडतील, आणि मे महिन्यात तळखड्यांवर घर उभे राहील. या आठवड्यात आंबेवाडी नाक्यावर एसटीतून उतरून पाचवीत बसलेली मुलगी तेव्हा सातवीत जात असेल. दहावी होईपर्यंतचे चार पावसाळे तिला त्या पडवीत मिळतील.